कुरकुंभची वाट आणि दौंडचा मृतांचा दिवस

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें जाणाऱ्या प्रवाशास कुरकुंभ हें नांव अलीकडे कारखान्यांमुळें ठाऊक झालें आहे. माळावर पसरलेली औद्योगिक वसाहत, रासायनिक द्रव्यांच्या टाक्या, वारा फिरला कीं नाकास झोंबणारा दर्प, आणि दौंडहून बारामतीकडे जाणारा रस्ता महामार्गास छेदतो तेथें चहाच्या टपऱ्यांची गर्दी, एवढ्यावर त्याची ओळख संपते. आमच्या घराण्यास मात्र हें गांव कित्येक पिढ्या निराळ्याच कारणानें ठाऊक आहे. कुरकुंभची फिरंगाई ही आमची कुलस्वामिनी. तुळजापूरच्या भवानीचेंच हें रूप अशी भाविकांची श्रद्धा असून नवरात्रांत येथें मोठी गर्दी लोटते. माझे आजोबा बैलगाडीनें येत, वडील आगगाडीनें दौंडास उतरून पुढें टांग्यानें येत, आणि मी दौंडपर्यंत आगगाडीनें व पुढें एस. टी.नें येत आलों. दौंड ते कुरकुंभ हें अंतर सुमारें दहा किलोमीटरांचें. परंतु त्या एवढ्याशा वाटेंत माझ्या आयुष्यांतील एक प्रकरण सांठलेलें आहे, व तें आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे.

प्रथम स्थळाविषयीं थोडें. कुरकुंभ म्हणजे पर्जन्यछायेंतला माळ. भीमेच्या अंगास उसाची हिरवळ दिसते; इकडे कुसळें, बोरी आणि बाभळी. डोंगर म्हणावा तर टेकडीहून थोडा मोठा. देवीचें स्थान डोंगरावर आहे व गांवांतही आहे. वृद्धांनीं खालीं दर्शन घ्यावें व पायांत बळ असेल त्यांनीं वर जावें, अशी आमच्या घरची वहिवाट. 'फिरंग' हा शब्द आजच्या मुलांस परका वाटेल. जुन्या मराठींत फिरंग म्हणजे विलायती पात्याची सरळ तलवार, आणि फिरंगी म्हणजे मुख्यतः पोर्तुगीज. ज्या स्नेह्यांची ही हकीकत आहे त्यांनीं ह्या नांवावरून माझी जन्मभर थट्टा केली. "शास्त्रीबुवा," ते म्हणत, "तुमच्या लोकांनीं आम्हांला फिरंगी म्हणून हिणवलें, आणि स्वतःची कुलदेवी मात्र फिरंगाई केली. आतां ती तुमची आई कीं आमची, तें आधीं ठरवा."

हे स्नेही गोमंतकीय कॅथलिक होते. त्यांचे आजोबा बार्देशांतून पोटासाठीं निघाले, ते रेल्वेंत शिरून दौंडास स्थायिक झाले. दौंड हें जंक्शनचें गांव. १८७८ सालीं येथून मनमाडकडे लोहमार्ग निघाला, आणि इंजिनचालक, गार्ड, फिटर अशा कामांवरील अँग्लो-इंडियन व गोंवेकर मंडळींची वस्ती येथें वाढत गेली. वडील इंजिनचालक, मुलगा गणिताचा शिक्षक. एका तालुक्याच्या गांवीं, एकाच शाळेंत, आम्हीं दोघांनीं उमेदीचीं अकरा वर्षें काढलीं. मी मॅट्रिकपलीकडे गेलों नाहीं; जें थोडें संस्कृत आलें तें पाठशाळेंत, आणि त्याच भांडवलावर मी शिकवीत असें. ते पदवीधर. ते मला शास्त्रीबुवा म्हणत, मी त्यांना गणितमास्तर म्हणें. येथेंही त्यांस त्याच नांवानें ओळखूं.

१९८६ च्या नवरात्रांत मी कुरकुंभास निघालों तेव्हां ते दौंडास घरीं आले होते. "मीही येतों, डोंगर पाहूं," म्हणाले. मी वर दर्शन घेऊन आलों तों ते खालच्या पायऱ्यांवर चपला संभाळीत बसलेले. तेथेंच आमचा पहिला मोठा वाद झाला. मीं म्हटलें, "तुमच्या धर्मांत देव एक, मग हे शेंकडों संत कशाला? प्रत्येकाचा वार, प्रत्येकाची मूर्ति, प्रत्येकापुढें मेणबत्त्या. तेहतीस कोटी म्हणून आम्हांला हंसणारे पाद्री हेंच ना करतात?"

ते म्हणाले, "परीक्षेस निघतांना तुम्ही आईच्या पायां पडत होतां कीं नाहीं? आई कांहीं पेपर तपासणार नव्हती."

पुढें त्यांनीं समजावून सांगितलें तें मला नवें होतें. ७८७ सालीं निकेया येथें त्यांच्या धर्ममंडळाची परिषद भरली, तींत मूर्तींचा व संतांचा मान कोणत्या कोटींतला ह्याचा निर्णय झाला. ग्रीक भाषेंत दोन शब्द आहेत: लात्रिया म्हणजे उपासना, ती केवळ ईश्वराची, दुलिया म्हणजे आदर, तो संतांचा. मरियामाउलीचा मान दुलियाच, परंतु सर्वांत वरच्या पायरीचा. संताकडे मागणें मागावयाचें नसून 'आमच्यासाठीं देवाजवळ शब्द टाक' एवढीच विनंति करावयाची. उपासना आणि सत्कार ह्यांतला असा भेद आमच्याकडेही आहे. फरक इतकाच कीं, आम्हीं त्याची परिषद भरवून शाई खर्च केली नाहीं.

संतपद देण्याची त्यांची रीतही मजेची. आमच्याकडे लोकांनीं म्हटलें कीं झाला संत. त्यांच्याकडे प्रकरण चालतें, साक्षी होतात, चमत्काराचे पुरावे तपासले जातात. १५८७ पासून १९८३ पर्यंत तर उमेदवाराविरुद्ध बोलण्यासाठीं एक अधिकारीच नेमलेला असे. त्याला लोक 'सैतानाचा वकील' म्हणत. आमच्या शास्त्रांतील पूर्वपक्ष करणाऱ्यास एवढा पगारी मान कधीं मिळाला नाहीं. वसईस जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांत नागासाकी येथें क्रूसावर मारले गेले. त्यांस संतपद मिळालें १८६२ सालीं. गणितमास्तरांनीं लगेच वजाबाकी केली. "दोनशें पासष्ट वर्षें. तुमच्याकडे माणूस गेला कीं तेराव्याच्या आंत संत होतो. आम्ही घाई करीत नाहीं."

वसईचें नांव निघतांच माझा अभिमान जागा झाला व मीं चिमाजीअप्पांनीं १७३९ सालीं मिळविलेल्या विजयाची आठवण दिली. ते शांतपणें म्हणाले, "आणि सवाई माधवरावांनीं १७९२ सालीं पुण्याच्या नाना पेठेंत आमच्या चर्चला जागा दिली, तीही आठवा. त्यांच्याच फौजेंतल्या नोरोन्या नांवाच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या मागणीवरून." मला हें ठाऊक नव्हतें. जन्मभर पुण्याचें पाणी प्यालेल्या मनुष्यास तें दौंडकराकडून कळावें, ह्याची लाज वाटली. पुढच्या भेटींत त्यांनीं मला फादर स्टीफन्सचें ख्रिस्तपुराण आणून दिलें. हा इंग्रज जेसुइट गोव्यांत आला, मराठी शिकला, आणि १६१६ सालीं त्यानें दहा हजारांहून अधिक ओंव्यांचा ग्रंथ छापविला. तो वाचून मी बराच काळ गप्प होतों.

परंतु खरा वाद झाला तो मृतांविषयीं. त्यांचा सिद्धान्त असा: जो ईश्वराच्या कृपेंत मरण पावला पण ज्याचें चित्त अद्याप सर्वस्वीं निर्मळ झालें नाहीं, तो शुद्धिस्थानांत राहतो. तेथें त्यास स्वतःसाठीं कांहीं करतां येत नाहीं. जिवंत माणसें जी प्रार्थना करतात, जो दानधर्म करतात, ज्या मिस्सा अर्पण करवितात, त्यांचें साहाय्य त्यास पोंचतें. माझ्यांतला पाठशाळेचा विद्यार्थी उसळला. मीं म्हटलें, "एकानें केलेलें दुसऱ्यास कसें मिळावें? ज्यानें केलें त्याचें फळ नाहींसें झालें तर कृतनाश, आणि न केलेल्याचें फळ दुसऱ्यास मिळालें तर अकृताभ्यागम. दोन्ही दोष एकदम!" त्यांनीं दोन्ही शब्द माझ्याकडून नीट समजावून घेतले, दोनदां उच्चारून पाहिले, आणि विचारलें, "मग तुम्ही वडिलांना पिंड देतां, तें कोणाच्या खात्यावर जमा होतें?"

मीं उत्तर दिलें नाहीं. चार्वाकानें हाच प्रश्न आधीं विचारून ठेवला आहे. येथें दिलेलें अन्न परलोकीं गेलेल्यास पोंचत असेल तर गांवाला जाणाऱ्याबरोबर शिदोरी कशाला द्यावी, असा त्याचा सवाल. त्यांच्याकडेही असा एक पुरुष झाला. मार्टिन लूथरनें क्षमापत्रांच्या विक्रीवर पहिला हल्ला चढविला तो ३१ ऑक्टोबर १५१७ रोजीं, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या आदल्या दिवशीं. त्याच्या मागून गेलेल्या पंथांनीं संतांची विनवणी व मृतांसाठीं प्रार्थना ह्या दोन्ही गोष्टी टाकून दिल्या.

त्या दिवशींचा वाद तेथेंच राहिला. आतां जें सांगावयाचें तें सांगणें सोपें नाहीं.

शाळेच्या गांवीं माझी आई माझ्याजवळ असे. तिचें सोवळें कडक. गणितमास्तर शेजारच्या आळींत एकटे राहत. खानावळीच्या जेवणानें त्यांची प्रकृति बिघडली, तेव्हां आईनेंच मला सांगितलें कीं, त्यांना रात्रीं आपल्याकडे जेवायला बोलाव. ते येऊं लागले. परंतु त्यांचें पान मांडलें जाई तें ओसरीवर. आम्ही माजघरांत, ते ओसरीवर, मध्यें उंबरठा. त्यांचें तांब्या-भांडें निराळें, कोनाड्यांत ठेवलेलें. पत्रावळ त्यांची त्यांनींच उचलून टाकावयाची. मीं एकदां आईस बोलून पाहिलें. ती म्हणाली, "मी आहें तोंवर असेंच चालेल. माझ्या मागें तुला वाटेल तें कर." मीं पुन्हां विचारलें नाहीं. त्याच वर्षीं मी नववीच्या मुलांकडून समदृष्टीवरचीं सुभाषितें पाठ करून घेत होतों, हेंही येथें कबूल केलें पाहिजे.

आणि तरी हीच आई महालयाच्या दिवशीं ब्राह्मण जेवून उठले कीं गणितमास्तरांसाठीं चार वडे वेगळे तळी, ते मुद्दाम जाड थापलेले. पातळ वडा त्यांना आवडत नाहीं हें तिनें न सांगतां ओळखलें होतें. त्यांना विषमज्वर झाला तेव्हां तीन आठवडे तिच्या हातची पेज त्यांच्या खोलीवर गेली. ती घेऊन मी जाईं, आणि परत आलेलें भांडें ती अंगणांत ठेवून वरून पाणी ओती. गणितमास्तरांनीं ह्याबद्दल कधीं अवाक्षर काढलें नाहीं. पत्रावळ उचलतांना ते कांहींतरी विनोद करीत, व तो आंत आईस ऐकूं जाईल इतक्या मोठ्यानें करीत. आई पदराआड हंसे.

१९९४ च्या चैत्रांत ती गेली. गणितमास्तर खांदा द्यावयास पुढें आले, तेव्हां आमच्या एका नातेवाइकानें त्यांना हातानें बाजूस सारलें. ते बाजूस झाले आणि स्मशानापर्यंत सर्वांच्या मागून चालत आले. मी तेव्हां मडकें धरून पुढें होतों. मीं मागें वळून पाहिलें नाहीं.

पुढें बदल्या झाल्या, ते दौंडाजवळ गेले, मी पुण्यास आलों, दोघेही सेवानिवृत्त झालों. नवरात्रांत भेट ठरलेली. २०२५ च्या श्रावणांत ते वारले. माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असल्यामुळें मला जातां आलें नाहीं. ऑक्टोबराच्या अखेरीस वहिनींचा दूरध्वनि आला. "भाऊजी, दोन तारखेला मृतांचा दिवस आहे. ह्यांच्या कबरीवर यंदा पहिल्यांदाच मेणबत्ती लावायची. तुम्ही याल का? तुम्हांला एक वस्तु दाखवायची आहे."

२ नोव्हेंबर २०२५ हा रविवार होता, आणि त्याच दिवशीं पंढरपूरची कार्तिकी एकादशी आली होती. गाडींत टाळ, पताका, तुळशीच्या माळा. कुर्डुवाडीकडे जाणाऱ्या वारकऱ्यांनीं डबा भरलेला. एका म्हाताऱ्या माउलीनें मला राजगिऱ्याची वडी दिली व "माउली, उपास ना?" असें विचारलें. लोणी, उरुळी, यवत अशीं स्थानकें मागें पडलीं आणि केडगांव आलें. येथें पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन आहे. १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं जिच्या संस्कृतावर लुब्ध होऊन तिला 'सरस्वती' म्हटलें, ती विदुषी ह्याच दौंड तालुक्यांत ५ एप्रिल १९२२ रोजीं देह ठेवती झाली. तिचें मुक्तिसदन प्रॉटेस्टंट परंपरेचें. तेथें संतांस आळविण्याची चाल नाहीं, मृतांसाठीं मिस्सा नाहीं. आणि गंमत अशी कीं, इंग्लंडच्या चर्चनें आपल्या पंचांगांत ३० एप्रिल हा तिच्या स्मरणाचा दिवस ठरविला आहे. ज्यांना संतपूजा नको त्यांनाही दिवस ठरवावेसे वाटतात.

दौंडास उतरलों. स्टेशनाबाहेर रिक्षा करून ख्रिस्ती स्मशानभूमि गांठली. मी अशा जागीं पूर्वीं कधीं गेलों नव्हतों. आमच्या स्मशानांतून माणूस लगबगीनें बाहेर पडतो. येथें लोक सकाळपासून येऊन बसले होते, लहान मुलांसुद्धां. थडग्यांवरचें गवत उपटलेलें, चुना दिलेला, झेंडूचे हार घातलेले, आणि प्रत्येक शिळेपाशीं वाऱ्यापासून हाताच्या ओंजळीनें जपलेल्या मेणबत्त्या. जुन्या शिळा इंग्रजींत, मधल्या रोमी अक्षरांतल्या कोंकणींत, नव्या मराठींत. कोणी जुन्या थडग्याशीं टेकून डबा सोडीत होतें. एका कोपऱ्यांत मात्र नांव पुसलेल्या पांच-सहा कबरी होत्या, त्यांचें कोणी उरलेलें दिसलें नाहीं. तरी त्यांवरही एकेक मेणबत्ती होती. वहिनींस विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, "पाकिटांतल्या उरतात त्या तिकडे लावायच्या, असें आमच्याकडे आहे."

मिस्सा मराठींतून झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२ ते १९६५ च्या बैठकींनंतर, लॅटिनच्या जागीं लोकभाषा आल्या. त्याआधीं हेंच सर्व लॅटिनमध्यें चालत असे. मराठी प्रार्थनांत 'करुणा', 'शाश्वत', 'आत्मा' हे शब्द माझ्या ओळखीचे भेटत होते. जणुं आपल्या घरचीं भांडीं दुसऱ्याच्या स्वयंपाकघरांत दिसावीं. संतांची नामावळी सुरू झाली तेव्हां तर विष्णुसहस्रनामाची लय आठवली. प्रत्येक नांवानंतर सर्वांनीं मिळून एकच विनवणी करावयाची. नंतर फादरांनीं कबरींमधून फिरून तीर्थ शिंपडलें.

हा दिवस पाळण्याची पद्धति फ्रान्सांतील क्लूनी येथील मठाधिपति ओदिलो ह्यानें आपल्या मठांत घालून दिली. तें साल ९९८ मानतात. आदल्या दिवशीं सर्व संतांचा सण, दुसऱ्या दिवशीं सर्व मृतांचा. १९१५ सालीं, पहिल्या महायुद्धांत माणसें असंख्य मरत असतां, पोप पंधरावे बेनेडिक्ट ह्यांनीं प्रत्येक धर्मगुरूस ह्या दिवशीं तीन मिस्सा करण्याची मुभा दिली. त्यांतील एक आपल्या इच्छेच्या मृतासाठीं, एक पोपच्या हेतूसाठीं, आणि एक सर्व मृतांसाठीं. ह्या तिसरीचें ऐकलें तेव्हां मला तर्पणाचा शेवट आठवला. पितर, मातामह, आप्त, सर्व झाल्यावर ज्याला पुत्र नाहीं, बांधव नाहीं, ज्याचें नांव घेणारें कोणी उरलें नाहीं, त्याच्यासाठींही आपण पाणी सोडतों. तीं वाक्यें मी पन्नास वर्षें म्हणत आलों आहें. त्या कोपऱ्यांतल्या मेणबत्त्या पाहीपर्यंत त्यांच्या अर्थाकडे माझें लक्ष गेलें नव्हतें.

गर्दी ओसरल्यावर वहिनींनीं पिशवींतून एक वही काढली. चौकटींची, गणिताची वही. नोव्हेंबर आला कीं कुटुंबांतल्या मृतांच्या नांवांची यादी चर्चमध्यें द्यावयाची व महिनाभर मिस्सेंत त्यांचें स्मरण व्हावयाचें, अशी त्यांची चाल. ती यादी गणितमास्तर दरवर्षीं आधीं वहींत लिहून मग पाकिटांत घालीत. आजोबा, आजी, आई, वडील, रुळांवर गेलेला धाकटा भाऊ, आमच्या शाळेचा शिपाई. आणि १९९४ च्या पानापासून पुढें, त्यांच्या आईच्या नांवाखालच्याच ओळींत, माझ्या आईचें नांव. मीं पानें उलटलीं. एकही वर्ष चुकलेलें नव्हतें. शेवटलें पान २०२४ चें, अक्षर कांपरें झालेलें. मीं मोजलें, एकतीस वेळां.

वाचकांजवळ खोटें कशाला बोलूं? पहिली भावना कृतज्ञतेची नव्हती. आईच्या नांवानें मिस्सा! तिला हें कळतें तर तिनें डोक्यावरून स्नान केलें असतें. कोणाला विचारून लिहिलें, असें मनांत आलें. मग वहींतल्या त्या ओळीकडे पुन्हां पाहिलें. दोन्ही आया एकाखालीं एक, मध्यें उंबरठा नाहीं. ज्या माणसाला आम्हीं खांदा देऊं दिला नाहीं, त्यानें एकतीस वर्षें तिचा भार उचलला होता, आणि मला त्याचा पत्ता लागूं दिला नव्हता. कळतें तर मी वाद घातला असता, हें त्यांना ठाऊक होतें.

फादर तरुण होते. मीं त्यांस विचारलें कीं, जी बाई तुमच्या धर्माची नव्हती तिच्यासाठीं हें चालतें का? ते म्हणाले, "काका, आमच्या धर्मसंहितेंत स्पष्ट आहे, जिवंत असो वा मृत, कोणासाठींही मिस्सा अर्पण करतां येते. १९८३ च्या संहितेंत तसा नियमच आहे." वहिनी मध्येंच म्हणाल्या, "हरेगांवच्या यात्रेलाही हे तुमच्या आईंचें नांव घेत." श्रीरामपूरजवळच्या हरेगांवीं सप्टेंबरांत मतमाउलीची यात्रा भरते, गेलीं पाऊणशें वर्षें, नगर जिल्ह्यांतले मराठी ख्रिस्ती तेथें दिंडीसारखे पायीं जातात. दौंडहून मनमाडच्या गाडीनें बेलापूर स्थानकावर उतरून हे नवराबायको तेथें जात, एवढें मला ठाऊक होतें. आंत काय मागत, तें ठाऊक नव्हतें.

तेथून मी कुरकुंभास गेलों. दौंडांतून त्या रस्त्यास लागावयाचें म्हणजे रेल्वेखालची अरुंद कुरकुंभ मोरी ओलांडावी लागते. तींत आमची रिक्षा एका ऊसतोडणीच्या गाडीमागें पाव तास अडकली. रिक्षावाला वैतागला होता, मला मात्र घाई नव्हती. गांवांतल्या देवळांत ओटी भरली. गुडघ्यामुळें डोंगर चढणें शक्य नव्हतें, म्हणून खालच्या पायऱ्यांवर जाऊन बसलों. हीच ती १९८६ ची जागा, असें मला वाटतें. पायऱ्या सर्व सारख्याच दिसतात. कारखान्यांकडून वारा येत होता. चपला शेजारीं होत्या, त्या संभाळणारें कोणी नव्हतें. कृतनाश व अकृताभ्यागम ह्या दोन दोषांचें उत्तर ग्रंथकारांनीं दिलेलें आहे, व तें मला पाठही आहे. त्या दिवशीं तें आठवण्याचा मीं प्रयत्न केला नाहीं. मला एकच हिशेब दिसत होता: एकतीस आणि शून्य. भाद्रपदांत आम्हीं महालय केला तेव्हां ते जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि त्यांचें नांव माझ्या मनांतही आलें नव्हतें.

पुण्यास परतल्यावर आमच्या उपाध्यांस भीत भीत विचारलें. तेही वृद्ध आहेत, वडिलांच्या वेळेपासूनचे.

"गुरुजी, महालयांत सख्याला स्थान आहे ना?"

"आहे तर. गुरु, शिष्य, आप्त, सखा, सर्वांना आहे. कोण गेलें, अण्णा?"

मीं नांव सांगितलें. ते थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "वर्ष पुरें होऊं द्या. येत्या भाद्रपदांत घेऊं."

"नांव परक्या भाषेंतलें आहे."

"नांव कोणत्या भाषेंतलें असावें, तें शास्त्रानें कोठें सांगितलें आहे?"

"आणि गोत्र?"

"अज्ञात असेल तेथें काश्यप."

"धर्म?"

गुरुजींनीं पळी ताम्हनांत ठेवली. "तें संकल्पांत विचारीत नाहींत," म्हणाले.

माझे चुलतबंधु ह्या प्रकरणामुळें रुष्ट आहेत. त्या दिवशीं पानावर बसणार नाहीं असें त्यांनीं कळविलें आहे, व वयानें वडील असल्यामुळें त्यांच्याशीं मी वाद घालणार नाहीं. मुलगा व सून ह्यांस कांहीं अडचण वाटत नाहीं. परंतु त्यांना महालयाचीच फारशी अडचण अथवा सोय वाटत नाहीं, तेव्हां तो दाखला घेण्यांत अर्थ नाहीं. वहिनींच्या हातीं मात्र मीं दौंडासच एक पाकीट दिलें होतें. वहींत २०२५ चें पान कोरें होतें, तें त्यांनीं माझ्याच हातानें भरून घेतलें. माझ्या आईच्या ओळीखालीं गणितमास्तरांचें नांव मीं लिहिलें.

भाद्रपदांतला बेत सांगण्यासाठीं परवां वहिनींस दूरध्वनि केला. त्यांना वाईट वाटेल कीं काय, अशी धास्ती होती. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें, तिथि लिहून घेतली, मग विचारलें, "त्या दिवशीं जेवायला काय असतें, भाऊजी?"

मीं सांगितलें, "खीर, कढी, आमसुलाची चटणी, वडे."

"वडे जाड थापायला सांगा," त्या म्हणाल्या. "पातळ केले तर ते नुसते बघत बसायचे."